मामांचं व्हूडू टू : पावसाळ्यातल्या नोंदी

७ जून

मामांचा कॉम्प्युटर पाच महिन्यांनी लावला. जानेवारीत तो व्यवस्थित चालत होता. भाच्यांनी नीड फॉर स्पीड टू एसई आणि क्वेक टू हे जुने खेळ लावून अख्खी दुपार काढली होती. आज क्वेक टू सुरू केला तर भिंतींवर हिरवट ठिपक्यांची जाळी. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला, मालवणात आता तो गणपतीपर्यंत काही हलत नाही, आणि मला सवडही आत्ताच आहे. म्हणून आजपासून नोंदी ठेवतो.

आधी यंत्राची माहिती. पेंटियम टू ३५० मेगाहर्ट्झ, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, टू-डीसाठी एसआयएस ६३२६ एजीपी कार्ड, आणि थ्री-डीसाठी, म्हणजे खेळांतली चित्रं रंगवायला, थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू टू हे वेगळं कार्ड, १२ एमबीचं. विंडोज ९८ सेकंड एडिशन. व्हूडू टू १९९८ साली आलं आणि मामांनी ते त्याच वर्षी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. कोकण रेल्वे त्याच वर्षी २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली होती. मामा मॉनिटर मांडीवर घेऊन कुडाळला उतरले आणि तिथून एसटीने मालवणला आले. भरडावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. दिवसभर टायपिंग आणि टॅली, संध्याकाळी सात वाजले की आम्ही पोरं. माझा या यंत्रावरचा जीव तिथला आहे.

मामा आता सत्तरी ओलांडलेत. सकाळी फोनवर सांगितलं तर एवढंच म्हणाले, "जाळू नको हां. गरम करून बगतत लोक, तसला काय करू नको." हे मी पाळणार आहे. बंद पडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजायची जी पद्धत आहे ती मला पहिल्यापासून पटत नाही. दोष कुठे आहे ते कळायच्या आत अख्ख्या कार्डाला शिक्षा कशाला?

८ जून

आज फक्त बघायचं, हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. एकच खेळ दहा वेळा चालू-बंद केला आणि दर वेळी काय झालं ते वहीत लिहिलं. तीन तऱ्हा निघाल्या. कधी चित्र ठिपक्यांचं, कधी चित्र स्वच्छ पण खेळ अडखळत, आणि दोनदा खेळ सुरूच झाला नाही. नीड फॉर स्पीड मात्र सुरू झाला की दर वेळी स्वच्छ.

मग नीट बघितल्यावर ठिपक्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात आली. क्वेकमध्ये भिंती, जमीन, छत, सगळं ठिपक्यांनी भरलेलं. पण हातातली बंदूक स्वच्छ आणि समोरून येणारा शत्रूही स्वच्छ. एकाच पडद्यावर दोन्ही. हे दिसल्यावर मॉनिटर, केबल, एसआयएसचं कार्ड यांच्यावरचा संशय तिथेच संपला. केबल खराब असती तर तिने बंदूक आणि भिंत यांत फरक केला नसता.

फरक करणारी गोष्ट व्हूडू टूच्या रचनेत आहे. या कार्डावर तीन मोठ्या चिप असतात. एक चित्र रंगवून पडद्याकडे पाठवणारी, तिला एफबीआय म्हणतात, आणि दोन टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, लावणाऱ्या, त्यांना टीएमयू म्हणतात. पहिल्या व्हूडू कार्डांवर टीएमयू एकच असायची, त्यामुळे एक पृष्ठभाग दोन थरांत रंगवायचा तर दोन फेऱ्या माराव्या लागत. व्हूडू टूवर दोन आहेत, म्हणून भिंतीचा दगड आणि त्यावर पडलेला उजेड हे दोन्ही थर एकाच फेरीत लागतात. क्वेक टू भिंतींसाठी हे वापरतो. बंदूक आणि माणसं एकाच थराची असतात, त्यांना एक टीएमयू पुरते. नीड फॉर स्पीड टू एसई १९९७ चा आहे, एका टीएमयूच्या काळातला.

तर दुसरी टीएमयू आजारी. खात्री करायला क्वेकच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मल्टिटेक्स्चर (दोन थर एकाच फेरीत लावणं) बंद केलं. ठिपके गायब! वेग मात्र सेकंदाला ४४ चित्रांवरून ३० च्या खाली आला.

कार्डाबरोबरच्या मोजो नावाच्या तपासणी प्रोग्रामनेही तेच सांगितलं. दहापैकी सहा वेळा दोन टीएमयू दाखवल्या, तीन वेळा एकच, आणि एकदा कार्डच सापडलं नाही. व्हूडू टूवर टीएमयू एकामागे एक साखळीत असतात. लांबची चिप आपलं काम जवळच्या चिपकडे देते आणि जवळची ते एफबीआयकडे. जवळची गेली असती तर लांबचीही दिसली नसती. म्हणजे गप्प बसणारी ती लांबची.

पॉवर सप्लाय मोजून ठेवला : ५.०६, १२.१, ३.३१ व्होल्ट. ठीक आहे.

९ जून

स्लॉट बदलला, फरक नाही. रॅमची पट्टी बदलली, फरक नाही. ड्रायव्हर काढून परत घातला, फरक नाही. कार्डाचा वेग ९० वरून ८३ मेगाहर्ट्झवर आणला, तरीही नाही. सेल मेला होता, दर वेळी तारीख मागे जायची. नवा सीआर २०३२ घातला.

१० जून

कार्ड काढून पडवीत उजेडात घेतलं. धूळ फार नव्हती, पण अंगठ्याला कार्ड चिकट लागलं. पावसाळ्यात कपाटातल्या पितळी समईला जसा हात चिकटतो तसं. भिंगातून बघितलं तर लांबच्या टीएमयूच्या पायांच्या मुळाशी बारीक हिरवट कड दिसली. या चिपला दोनशेच्या वर पाय आहेत आणि दोन पायांतलं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर.

खोडरबराने स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी बोटं हलक्या हाताने पुसली. जोर लावायचा नाही, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजू घासल्या. हिरवी कड बरीचशी गेली. हेअर ड्रायरने वाळवलं, कार्ड लावलं.

दोन टीएमयू. दहापैकी दहा वेळा.

मी लगेच मामांना फोन केला. घाई केली. पाऊण तासाने मोजो परत एक टीएमयू दाखवायला लागला, आणि रात्री जेवून परत बघितलं तर सगळं पहिल्यासारखं.

११ जून

दिवसभर लाइट नाही. काम बंद.

बसल्या बसल्या कालचा पाऊण तास डोक्यात घोळत होता. अल्कोहोलने दोष गेला असता तर तो परत आला नसता. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली होती, कार्ड गरम हवेने वाळवलं होतं. म्हणजे कार्ड कोरडं असलं की बरं, दमट झालं की आजारी. जानेवारीत मालवणात हवा कोरडी असते आणि तेव्हा ते चाललं. आत्ता खोलीतला आर्द्रतामापक ९१ टक्के दाखवतोय.

दमट हवेने चांगलं कार्ड बंद पडत नाही, नाहीतर कोकणात एकही टीव्ही जुलै ओलांडू शकला नसता. दमट हवेला धरून ठेवणारं काहीतरी त्या पायांमध्ये बसलेलं असणार.

१२ जून

लाइट आली. कालचा अंदाज ताडून बघितला. कार्ड परत ड्रायरने वाळवलं, अल्कोहोल न लावता. दहापैकी दहा वेळा दोन टीएमयू. मग उघडं ठेवून दर दहा मिनिटांनी तपासलं. चाळीस मिनिटं बरं, पन्नासाव्या मिनिटाला पहिली चूक. म्हणजे परवा जे काम झालं ते ड्रायरने केलं होतं.

१४ जून

उत्तर शेजारून आलं. तात्या बंदरावर जायचे ते मासेमारी बंद असल्यामुळे घरीच आहेत. होडीचं आउटबोर्ड इंजिन खळ्यात लाकडी स्टँडवर लावून ड्रममधल्या पाण्यात चालवत होते. मी छत्री घेऊन तसाच उभा राहिलो आणि माझ्या कार्डाचं सांगितलं. अल्कोहोलने धुतलं, तरी दोष परत येतो, हे ऐकल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"स्पिरिटान मीठ जाता काय रे झिला? मीठ गोड्या पाण्यान जाता. ह्या इंजिन दर खेपेक गोड्या पाण्यात चालवतंव ता कित्याक?"

मी घरी येऊन लगेच करून बघितलं. दोन वाट्या घेतल्या, एकीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन्हींत चिमूटभर मीठ. पाण्यातलं मीठ चमचा फिरेपर्यंत दिसेनासं झालं. अल्कोहोलमधलं मीठ अर्ध्या तासाने ढवळलं तरी तळाशी जसंच्या तसं, दाणा न् दाणा मोजता येईल असं.

आता सगळं जुळतं. आमचं घर समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे. वैशाखात वारा पश्चिमेकडून सुटला की खिडकीच्या गजांवर बोट फिरवून जिभेला लावलं तरी खारट लागतं. तेच मीठ सत्तावीस वर्षं या कार्डावर बसत आलं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. हिवाळ्यात ते कोरडे कण असतात, कुणाला त्रास देत नाहीत. जूनमध्ये त्याच कणांचं खारं पाणी होतं, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. अर्ध्या मिलिमीटरवर असलेल्या दोन पायांमध्ये तेवढी गळती पुरे. एका पायावरचा संदेश शेजारच्या पायावर सांडतो आणि टीएमयू कधी उत्तर देते, कधी नाही.

चार दिवसांपूर्वी मी अल्कोहोलने धूळ आणि तेलकटपणा काढला आणि मीठ ब्रशने कार्डभर पसरवून ठेवलं. त्यामुळे आत्ता ते आधीपेक्षा खारट असू शकेल. हे लिहून ठेवतो, कारण अल्कोहोलने पुसा हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो किनाऱ्यावरच्या माणसाला अर्धाच उपयोगी आहे.

१५ जून

धुतलं.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे कॅन आणले. नळाचं किंवा विहिरीचं पाणी मुद्दाम घेतलं नाही, त्यातही क्षार असतात. प्लास्टिकचा पसरट ट्रे, त्यात अर्धा लिटर पाणी, आणि पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा देतो, त्यामुळे मीठ निघतंय की नाही हे बघायला उत्तम.

कोरं पाणी : ४. कार्ड दहा मिनिटं बुडवून, मऊ ब्रशने पायांच्या दिशेने हलवून : ६१. पाणी टाकून नवं घेतलं, परत दहा मिनिटं : १७. तिसरं पाणी : ५. तिसऱ्या पाण्यातून कार्ड उचललं तेव्हा पायांच्या रांगेतून थेंब सरळ ओघळले, आधी ते कडेला चिकटून राहत होते.

६१ हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. पाणी दिसायला एकदम स्वच्छ होतं. त्यात सगळं मीठच असेल असं नाही, धूळही असेलच. पण ज्या कार्डाला मी पाच दिवसांपूर्वी "साफ केलं" असं लिहिलं होतं त्यातून हे निघालं.

मग सायकलच्या पंपाने प्रत्येक चिपच्या खालचं पाणी उडवलं. मेमरीच्या २४ बारक्या चिप आहेत, काही मागच्या बाजूला, आणि त्यांचे पाय इंग्रजी जे अक्षरासारखे आत वळलेले असतात. पाणी तिथे लपून बसतं. शेवटी अल्कोहोलची एक ओल मारली. इथे अल्कोहोल कामाचं आहे, ते उरलेल्या पाण्यात मिसळतं आणि त्याला बरोबर घेऊन उडून जातं.

ऊन नाहीच. पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॉटचा बल्ब लावला, वर भोकं पाडली, कार्ड बल्बपासून वीतभर लांब उभं केलं. आतलं तापमान ४८ अंश. आई म्हणाली, याच खोक्यात कोकमंही वाळतील. कार्ड निघालं की देतो असं सांगितलंय.

१७ जून

दीड दिवस वाळवलं, मग दोन तास मुद्दाम उघडं ठेवून हवेतला ओलावा खाऊ दिला. आर्द्रता ९३ टक्के. या आठवड्यातली सगळ्यात वाईट हवा, म्हणजे तपासायला सगळ्यात चांगली.

मोजो वीस वेळा चालवला. वीसपैकी वीस वेळा दोन टीएमयू, एफबीआय आणि दोन्ही टीएमयूंची मेमरी ४, ४ आणि ४ एमबी. दुपारी परत वीस. रात्री परत वीस. एकही चूक नाही.

क्वेक टू लावला. पहिला भाग स्वच्छ, वेग परत ४४. तिसऱ्या भागात मोठ्या दालनात शिरलो आणि समोरच्या भिंतीवर तेच हिरवट ठिपके.

म्हणजे दोष दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते. वाईट वाटलं, पण गोंधळ नाही. आता एकच तऱ्हा उरली आहे आणि ती रोज सारखी वागते.

२१ जून

चार दिवस फक्त ठिपके वाचले. जे कळलं ते असं.

ठिपके लहान भागांत दिसत नाहीत, मोठ्या भागांत दिसतात. दुसऱ्या टीएमयूला स्वतःची ४ एमबी मेमरी आहे, अर्ध्या अर्ध्या एमबीच्या आठ चिप. एका वेळी चार चिप मिळून ६४ बिट देतात, प्रत्येक चिप १६. म्हणजे चार-चार चिपच्या दोन फळ्या, प्रत्येक फळी २ एमबीची. लहान भागातली टेक्स्चर पहिल्या फळीत मावतात. मोठ्या भागात दुसरी फळी लागते आणि तिथे ठिपके येतात.

ठिपक्यांची रांग अगदी नियमित आहे. दर चार टेक्सेलमागे (टेक्सेल म्हणजे टेक्स्चरचा एक ठिपका) एक बिघडलेला, तीन ठीक. म्हणजे दुसऱ्या फळीतल्या चार चिपपैकी तीन चांगल्या, एक दोषी.

आणि ठिपके हिरवे आहेत. १६ बिटांच्या रंगात ५ बिट लाल, ६ हिरवे, ५ निळे अशी वाटणी असेल तर हिरव्याचा सगळ्यात वरचा बिट उडाला की असाच हिरवा रंग कमी-जास्त होईल. क्वेक हीच वाटणी वापरत असला तरच हे खरं, त्यामुळे यावर मी फार भार टाकला नाही. पण सोळापैकी एकच तार सुटली आहे, आख्खी चिप गेलेली नाही, असं समजायला बळ मिळालं.

मग मोजो मेमरी पूर्ण ४ एमबी का दाखवतो? व्हूडूच्या टेक्स्चर मेमरीतलं काही कॉम्प्युटरला थेट वाचता येत नाही. थ्रीडीएफएक्सने ग्लाइडचा, म्हणजे खेळ ज्यातून कार्डाशी बोलतात त्या सॉफ्टवेअरचा, सोर्स १९९९ साली खुला केला, त्यात ही तपासणी कशी होते ते वाचायला मिळतं. मेमरीत एक खूण लिहायची, त्या खुणेचं टेक्स्चर लावून एक छोटा त्रिकोण रंगवायचा, आणि रंगलेला ठिपका वाचून खूण जुळते का ते बघायचं. किती मेमरी बसवली आहे हे कळायला ते पुरतं. प्रत्येक तार शाबूत आहे का, हे त्याने कळत नाही.

दोषी चिप शोधायला आज दुपारी बसलो. मीटरचा बझर लावून दुसऱ्या फळीच्या चार चिप ओळखल्या. चारही मागच्या बाजूला. कॅबिनेट आडवं टाकलं, क्वेकमध्ये ठिपके असलेल्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि खेळ तसाच चालू ठेवला. आता चालू कार्डावर एकेक चिप दाबायची होती. लोखंडी काही चालणार नाही. परसात खराटा करायला झावळ्यांचे हीर सोलून ठेवले होते, त्यातला एक जाड हीर घेतला. कोरडा, वीज न वाहणारा, टोकाला बोथट आणि हाताला जोर किती लागतोय ते कळवणारा. प्लास्टिकच्या काडीपेक्षा हा बरा, कारण तो वाकतो आणि जास्त दाब आधीच सोसून घेतो.

पहिली चिप दाबली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीच्या वरच्या कोपऱ्यावर हीर टेकवला आणि भिंत स्वच्छ झाली. उचलला, ठिपके आले. टेकवला, गेले. मी हे वीसेक वेळा केलं असेन. पडद्यावरची भिंत हिराच्या टोकाबरोबर श्वास घेत होती.

कॉम्प्युटर बंद करून तो कोपरा भिंगाखाली घेतला. कडेपासून तिसरा पाय. शेजारच्या पायांचं कथील चकचकीत आणि आत वळलेलं; याचं राखाडी, आणि पायाभोवती केसाएवढी गोल चीर. टाचणीच्या टोकाने बाजूने ढकललं तर पाय हलला. इतका कमी की डोळ्याला दिसण्याआधी तो बोटाला कळला. तापणं, निवणं आणि तो खारट ओलावा, एवढी वर्षं. या कार्डावर चिपना हीटसिंक नसतात आणि चालताना त्या चांगल्याच तापतात.

२२ जून

सकाळी लवकर, लाइट जायच्या आत, डाग दिला, म्हणजे सोल्डरिंग केलं. आधी जुन्या सांध्यावर फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य), मग तापमान धरून ठेवणारं सोल्डरिंग आयर्न ३२० अंशांवर, बारीक टोक, ६०/४० चं कथील. १९९८ चं कार्ड शिसं असलेल्या कथलाचं असतं, त्यावर तेच घालावं. पहिल्यांदा नवं कथील बसेना, राखाडी थरावरून गोळी होऊन घसरत होतं. कथील शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने जुनं कथील ओढून काढलं, फ्लक्स परत लावला आणि मग ते पायाला धरून वर चढलं. दोन सेकंदांत काम झालं. तिथे शेजारच्या पायांत सव्वा मिलिमीटरचं अंतर आहे, म्हणून हाताने जमलं. टीएमयूच्या पायांवर मी हे धाडस केलं नसतं.

त्या चिपचे बाकीचे ३९ पाय टाचणीने एकेक ढकलून बघितले. फळीतल्या इतर तीन चिपचेही. कुणीच हललं नाही. फ्लक्स अल्कोहोलने काढला, नंतर परत एक डिस्टिल्ड पाणी, परत बल्बचं खोकं. कोकमं एक दिवस थांबली.

२४ जून

मोठं दालन स्वच्छ. भिंत, जमीन, छत, सगळं.

२८ जून

घाईने फोन करायचा नाही असं या वेळी ठरवलं होतं, म्हणून चार दिवस रोज सहा तास क्वेकचा डेमो फिरवत ठेवला. काल रात्री इथे पाऊस असा कोसळला की कौलांच्या आवाजात गेमचा आवाज ऐकू येईना. आर्द्रता ९५ टक्के. लाइट दोनदा गेली, यूपीएसने सांभाळलं. ठिपका एकही नाही.

कार्डावर रक्षक लेप मारायचा विचार करतोय. अ‍ॅक्रिलिकचा लेप घेतला तर पुढे दुरुस्तीला तो द्रावकाने काढता येतो, एवढी सोय आहे. पण आत्ता मारला तर पावसाळा आत कोंडला जाईल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत धुवून, वाळवून, सोनेरी बोटं आणि कनेक्टर चिकटपट्टीने झाकून मारेन. साउंड कार्ड आणि मदरबोर्डही तेव्हाच धुवायचा. एकाच कार्डावर मीठ बसलं असेल असं मानायला काही आधार नाही.

५ जुलै

मामा आले. छत्री पडवीत ठेवली, खुर्ची ओढली आणि सगळ्यात आधी कॅबिनेटची उघडी बाजू बघितली. "खंयचो पाय?" मी भिंग दिलं. त्यांनी तिसरा पाय शोधला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "डाग चांगलो बसलो." क्लासमध्ये केबल, पेडल, माऊस सगळं ते स्वतःच दुरुस्त करायचे. हे शब्द मला त्यांच्याकडून हवे होते.

मग नीड फॉर स्पीड लावला. मामांनी तेव्हाही कधी गाडी चालवली नव्हती, पोरांच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. आज त्यांनी बाणांच्या चार कळांवर बोटं ठेवली आणि पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला लावली. "परत," म्हणाले. तात्या आवाज ऐकून आले, दारातच उभे राहिले. मी मामांना पाण्याची गोष्ट सांगितली, ६१ चा आकडा सांगितला. मामांनी गाडी थांबवून तात्यांकडे बघितलं. "ह्या तुमी सांगितलात?"

"माका काय कळता त्यातला. मिठाचा तेवढा कळता."

दोघे मिळून संध्याकाळपर्यंत खेळले. आईने दोनदा चहा आणला.

६ जुलै

मोजो : दोन टीएमयू, ४, ४, ४. आर्द्रता ८९ टक्के. कार्ड काढून झिप पिशवीत घातलं, बरोबर सिलिका जेलच्या चार पुड्या, आत्ता निळ्या आहेत. गुलाबी झाल्या की बल्बच्या खोक्यात वाळवून परत घालायच्या. पिशवीवर तारीख आणि "मागची बाजू, फळी दोन, चिप तीन, पाय तीन" असं लिहून मामांच्या कपाटात वरच्या खणात ठेवलं. पुढची तपासणी नारळी पौर्णिमेनंतर.